शॉट रूटीन (नेमबाजी)

प्रत्येक शॉटच्या वेळी नेमबाज ठरलेल्या क्रमाने करतो त्या शारीरिक आणि मानसिक कृतींना शॉट रूटीन म्हणतात. 10 मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. धडधड औषधाने आवरण्याची सोय नाही. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांवर नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. उरतो तो सराव.

क्रम साधारण असा. उभे राहिल्यावर डोळे मिटून दोनतीन श्वास घ्यायचे, मग उघडून रायफल आपसूक कुठे रोखली गेली ते पाहायचे. ती बाजूला असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. हाताने ओढलेली रायफल चाप दाबताना पुन्हा मूळ जागी जाते. पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) भरायची, आपल्या लेनचा, म्हणजे आपल्या जागेचा आणि समोरच्या लक्ष्याचा, क्रमांक पाहायचा, श्वास सोडत रायफल लक्ष्यावर उतरवायची. थोडा श्वास आत राखून थांबायचे, चाप पहिल्या टप्प्यापर्यंत हलका दाबायचा आणि नजर स्थिर ठेवून दुसरा हळूच दाबायचा. शॉट सुटल्यावरही सेकंदभर हलायचे नाही. मॉनिटरकडे पाहण्याआधी शॉट कुठे लागला असेल ते मनात सांगायचे. हा अंदाज सतत चुकत असेल, तर शॉट सुटताना लक्ष दुसरीकडे होते असे बहुधा समजावे.

सगळ्यांत अवघड पायरी म्हणजे शॉट रद्द करणे. रोखून धरल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर नजर थकते, स्नायू थरथरू लागतात आणि नेमबाज ‘आता सोडूनच टाकू’ म्हणून चाप झटकतो. अशा वेळी रायफल खाली घ्यावी आणि क्रम पहिल्यापासून सुरू करावा. पात्रता फेरीत एका शॉटला सरासरी 75 सेकंद मिळतात, म्हणजे वेळेची सबब चालत नाही. तरीही नवशिके खाली घेत नाहीत. म्हणून सरावात दर दहा शॉटमागे दोनतीन मुद्दाम रद्द करायला लावतात, होल्ड (रायफल लक्ष्यावर स्थिर धरणे) चांगला असला तरी.

दडपणाखाली एखादी पायरी गळते ती कशी, हे अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सच्या बाबतीत दिसले. अथेन्स 2004 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. शेवटच्या शॉटला स्वतःला शांत करण्याच्या नादात लेनचा क्रमांक पाहायचा राहिला आणि गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली. सुवर्ण हुकले, तो आठवा आला. बीजिंग 2008 मध्येही त्याच प्रकारात आघाडीवर असताना शेवटच्या वेळी रायफल उतरवतानाच चापाला बोट लागले: 4.4 गुण आणि चौथा क्रमांक. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस 2024 मध्ये कांस्य जिंकले ते याच प्रकारात. त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम धरायचा असल्याने तीन वेगवेगळी रूटीन बसवावी लागतात.

खराब शॉटनंतर भरपाईच्या घाईने पुढचाही बिघडतो. रायफल स्टँडवर टेकवून नजर जमिनीकडे न्यावी, चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे दोनतीनदा करावे. मनात एकच सूचना असावी आणि ती होकारार्थी असावी: ‘चाप हळू’. ‘झटकू नकोस’ म्हटले की लक्ष झटक्यावरच जाते.

बहुतेक सराव घरी गोळीविना, ड्राय फायरिंगने होतो. कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस-तीस मिनिटे पुरतात. पॅरिसच्या अंतिम फेरीत एकेका शॉटला 50 सेकंद होते, प्रेक्षकांचा गलकाही चालू असायचा. त्यामुळे स्पर्धा जवळ आली की घड्याळ लावून, स्पीकरवर गोंगाट सोडून सराव करतात.