क्रीडास्पर्धांचे यजमानपद, आंतरराष्ट्रीय (गोवा)

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरवताना गोवा राज्यापुढे उभे राहिलेले आर्थिक व सांस्कृतिक प्रश्न. राज्याचे क्षेत्रफळ 3,702 चौ. किमी., लोकसंख्या 14,58,545 (2011). फुटबॉल, क्रिकेट, टेबल टेनिस, ट्रायथलॉन व बुद्धिबळ यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा किंवा सामने येथे झाले आहेत.

या यजमानपदाचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते संभवतात. मडगावनजीकच्या फातोर्डा मैदानावर 25 ऑक्टोबर 1989 रोजी ऑस्ट्रेलिया व श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना झाला. काहीजण तेथून गणना करतात. तथापि अशा सामन्यात यजमान देश असतो, मडगाव हे केवळ सामन्याचे ठिकाण. स्पर्धेच्या नावाशी यजमान म्हणून गोव्याचेच नाव जोडले गेले, ते 2014 च्या तिसऱ्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धेत. प्रस्तुत नोंदीस हा दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

‘लुसोफोनिया’ म्हणजे पोर्तुगीजभाषक जग. ‘लुसो’ हे पूर्वपद लुसितानिया या पश्चिम आयबेरियातील रोमन प्रांताच्या नावावरून आले. या देशांच्या ऑलिंपिक समित्यांची संघटना 2004 मध्ये स्थापन झाली. पहिली स्पर्धा मकाव (2006), दुसरी लिस्बन (2009) येथे झाली. भारत व श्रीलंका हे पोर्तुगीजभाषक नसूनही इतिहासाच्या नात्याने संघटनेचे सहसदस्य झाले. गोव्यातील स्पर्धा नोव्हेंबर 2013 मध्ये ठरली होती. क्रीडासंकुलांची कामे वेळेत न झाल्याने ती 18 ते 29 जानेवारी 2014 या काळात घ्यावी लागली. पदकतक्त्यात भारत पहिला आला.

नावालाच आक्षेप घेणारा एक पक्ष होता. 19 डिसेंबर 1961 रोजी संपलेल्या पोर्तुगीज सत्तेच्या भाषेवरून ओळखली जाणारी स्पर्धा मुक्त गोव्याने का भरवावी, असा त्याचा सवाल. खेळाडूंना मिळणारी संधी व तयार होणारी मैदाने यांकडे दुसरा पक्ष बोट दाखवी. या वादात एक भेद सहसा नजरेआड होतो. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशांत) पोर्तुगीज अंमल सुमारे साडेचारशे वर्षे होता. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण इ. नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, टप्प्याटप्प्याने त्याखाली आल्या. मराठीचे व देवस्थानांचे वळण या दुसऱ्या पट्ट्यात अधिक ठळक आहे. त्यामुळे पाहुण्यांपुढे मांडो-देखणी ही जुन्या काबिजादींतील गीतनृत्ये ठेवावी की घोडेमोडणी, रोमटामेळ व दशावतार हे नव्या काबिजादींतील लोककलाप्रकार, हा निव्वळ कार्यक्रमपत्रिकेचा प्रश्न राहत नाही. मोठी मैदानेही बहुतांशी जुन्या काबिजादींतच आहेत : फातोर्डा, बांबोळी, ताळगाव, म्हापशाचे पेडे, वास्कोचे टिळक मैदान. पेडणे तालुक्यात धारगळ येथे क्रीडानगरी उभारण्याची योजना होती. शेतजमिनीच्या संपादनास विरोध झाला आणि ती बारगळली.

आर्थिक बाजूस काळाचा योग प्रतिकूल होता. सप्टेंबर 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, राज्याच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत आटला, आणि त्याच सुमारास संकुलांची बिले येऊ लागली. सर्वसाधारणपणे प्रक्षेपण व प्रायोजकत्वाचे मुख्य उत्पन्न आंतरराष्ट्रीय संघटनांकडे जाते. मैदान, रस्ते, बंदोबस्त व नंतरची देखभाल यजमानाकडे राहते. बांधलेले पुढे उपयोगी पडले, हेही नमूद केले पाहिजे. फातोर्डाला 17 वर्षांखालील मुलांच्या (2017) व मुलींच्या (2022) फुटबॉल विश्वचषकांचे सामने मिळाले. कोविडकाळात इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा 2020-21 चा संपूर्ण हंगाम फातोर्डा, बांबोळी व वास्को येथे प्रेक्षकांविना पार पडला. हॉटेलांना संघ मिळाले, मैदानाबाहेरच्या गाडेवाल्यांना गिऱ्हाईक नाही. राष्ट्रीय क्रीडास्पर्धेची कथा वेगळी : गोव्याकडे आलेली 36 वी स्पर्धा वारंवार लांबून 2022 मध्ये गुजरातेत झाली, गोव्यात 37 वी झाली (26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023).

कालनिश्चिती ही येथील खरी अडचण दिसते. जूनपासून पाऊस, तो ऑक्टोबरातही पूर्ण उसंत देत नाही. 24 ऑक्टोबर 2010 चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना फातोर्ड्यात एकही चेंडू न टाकता रद्द झाला. पाऊस ओसरताच पर्यटनाचा हंगाम सुरू होतो, तेव्हा खेळाडू आणि पर्यटक एकाच खोलीसाठी व एकाच टॅक्सीसाठी दारात उभे असतात. दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळ असल्याने नागरी उड्डाणांच्या वेळांवर तेथे मर्यादा. मोपा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाल्यावर हा ताण काहीसा हलका झाला. शिवाय दिवाळी. 17 ऑक्टोबर 2017 रोजी फातोर्ड्यात विश्वचषकाच्या बाद फेरीचे सामने होते आणि तीच नरकासुराची रात्र होती. वाड्यावाड्यांतले नरकासुराचे पुतळे रस्त्यावर, पहाटे त्यांचे दहन. अशा रात्री बंदोबस्ताची वाटणी कशी करावी हे संघटनांच्या नियमपुस्तकांत सापडत नाही.

ट्रायथलॉनचा विषय मर्यादित आहे. मिरामार येथे 2019 पासून भरणाऱ्या 70.3 मैलांच्या स्पर्धेत (पोहणे 1.9, सायकल 90, धावणे 21.1 किमी.) पणजी परिसरातील रस्ते सकाळी वाहतुकीस बंद ठेवावे लागतात.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर 2025 मध्ये बारदेशातील हडफडे येथे झालेल्या बुद्धिबळाच्या विश्वचषकात 206 खेळाडू होते. ही स्पर्धा एका हॉटेलात झाली. तिच्यासाठी स्टेडियम लागले नाही.