अन्नप्रक्रिया सांडपाण्यावरील बुरशी-संवर्धन

स्टार्च, चीज, मद्यार्क यांसारख्या उद्योगांच्या सांडपाण्यातील शर्करा, स्टार्च व सेंद्रिय अम्ले यांवर बुरशी किंवा यीस्ट वाढवून पशुखाद्य, प्रथिने, विकरे (एन्झाइम) अथवा अल्कोहोल मिळवण्याची पद्धत. हे पाणी सहसा विषारी नसते. त्याचा दोष म्हणजे त्यात राहून गेलेले अन्न, जे ओढ्या-नदीत कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपवते. दुधाची निवळी हे याचे ठळक उदाहरण आहे. एक किलो चीजमागे साधारण नऊ लिटर निवळी उरते आणि तिची जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी, म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना सूक्ष्मजीव वापरतात तो ऑक्सिजन) लिटरला ३०,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते.

निवळीत ४.५ ते ५ टक्के दुग्धशर्करा असते, पण पाव फुगवणाऱ्या नेहमीच्या यीस्टला ती पचत नाही. क्लुयव्हेरोमायसेस मार्क्सियानस या यीस्टजवळ मात्र ती फोडणारे लॅक्टेज विकर असते. हवा भरपूर दिल्यास त्याची प्रथिनयुक्त पेशीरास वाढते, तर हवा तोडल्यास अल्कोहोल तयार होते. आयर्लंडमधील बॅलिनीनच्या कार्बेरी कारखान्यात १९७८ पासून निवळीचे अल्कोहोल बनवले जाऊ लागले. स्वीडनच्या सिम्बा प्रक्रियेत बटाट्याच्या सांडपाण्यासाठी दोन यीस्टची जोडी लावली जाते : सॅकरोमायकॉप्सिस फिब्युलिजेरा स्टार्चची शर्करा करते आणि कँडिडा युटिलिस त्या शर्करेवर वाढते.

या साऱ्यात खर्चाची खरी मेख वाढवण्यापेक्षा वेगळे काढण्यात आहे. यीस्टच्या सूक्ष्म पेशी पाण्यातून काढण्यास अपकेंद्रित्र (वेगाने फिरवून घटक वेगळे करणारे यंत्र) लागते. तंतुमय बुरशीचे जाळे किंवा गोळ्या मात्र चाळणीवर अडतात. म्हणूनच जावा बेटावर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ) बनवण्यासाठी वापरली जाणारी ऱ्हायझोपस ही बुरशी अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात मक्याच्या इथेनॉल कारखान्यांतील ऊर्ध्वपातनानंतरच्या पातळ द्रवावर वाढवून पाहण्यात आली. पाण्याचा सामू (pH, आम्लतेचे माप) ४ च्या आसपास ठेवला की बरेचसे जीवाणू मागे पडतात आणि महागडे निर्जंतुकीकरण काही अंशी टळते. मानवी आहारासाठी मात्र पेशींतील न्यूक्लिइक अम्ल कमी करावे लागते, कारण त्यामुळे रक्तातील यूरिक अम्ल वाढते. पशुखाद्याकडे कल राहिला तो बराचसा यामुळेच.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांलगतच्या आसवन्यांमध्ये मळीपासून मद्यार्क काढल्यावर गडद तपकिरी ‘स्पेंट वॉश’ उरतो. बायोगॅस काढून घेतला तरी मेलॅनॉइडिन या तपकिरी रंगद्रव्यांमुळे त्याचा रंग जात नाही. लाकूड कुजवणाऱ्या ट्रॅमेटिस व्हर्सिकलरसारख्या बुरश्या हा रंग प्रयोगशाळेत बराच उतरवतात. मात्र त्यासाठी द्रव पातळ करावा लागतो आणि वरून साखरही घालावी लागते, जे कारखान्याच्या हिशेबात सहजी बसत नाही.