पेटीत वीज उतरते, तरी फ्यूज का उडत नाही?

घोडबंदर रस्त्यावर काय किंवा वाशीच्या सेक्टरांत काय, दर ठरावीक अंतरावर फुटपाथच्या कडेला एक राखाडी पत्र्याची पेटी असते. तिला बोलताना लोक डीपी म्हणतात, पण डीपी म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). ही पेटी म्हणजे फिडर पिलर. रोहित्रातून आलेली जाड केबल इथे फुटते आणि फ्यूजांमधून आजूबाजूच्या इमारतींकडे जाते. जिथे केबल पत्र्यातून आत शिरते, तिथे ग्लँड (केबल घट्ट धरून ठेवणारा सांधा) ढिली असेल तर पत्र्याची कड वर्षानुवर्षं इन्शुलेशन कापत राहते. एके दिवशी फेज (वीज असलेली तार) पत्र्याला टेकतो. आता फ्यूज उडायला हवा, असं कुणालाही वाटेल. अनेकदा तो उडत नाही.

कारण साध्या भागाकारात आहे. समजा, पेटीला अर्थिंग म्हणून शेजारी फक्त एक पाइप पुरलाय आणि त्याचा रोध १० ओहम आहे. रोहित्राच्या न्यूट्रलचं (वीज परत नेणाऱ्या तारेचं) अर्थिंग १ ओहमचं. पत्र्यातून निघालेली वीज मातीतून रोहित्राकडे परत जाते, म्हणजे वाटेत एकूण ११ ओहम. २३० भागिले ११, जेमतेम २१ अँपिअर. पेटीतला फ्यूज ६३ अँपिअरचा असेल तर त्याच्या लेखी हा नेहमीचाच लोड. तो ढिम्म बसून राहतो आणि पत्रा दूरच्या जमिनीच्या तुलनेत सुमारे २१० व्होल्टवर उभा असतो. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर हात लावणाऱ्यातून ०.२ अँपिअर जातील. घरच्या आरसीसीबीची (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. हे त्याच्या जवळजवळ सातपट.

पाइप ठोकला म्हणजे अर्थिंग झालं, हा समज इथेच अंगाशी येतो. माती हा वाईट वाहक आहे. फ्यूज उडवायचा तर पत्र्यापासून रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत धातूची सलग वाट लागते: केबलचं आर्मर (तिच्यावरचं पोलादी तारांचं कवच) किंवा वेगळी अर्थ पट्टी, दोन्ही टोकांना नीट कसलेली. अशा वाटेचा रोध ०.४ ओहम असला तर २३० भागिले ०.४, म्हणजे ५७५ अँपिअर वाहतात आणि तोच फ्यूज सेकंदाच्या आत जातो. रोहित्राच्या न्यूट्रलला अर्थिंगची दोन स्वतंत्र कनेक्शनं हवीत, असाही नियम आहे. एखादं गंजून तुटलं तरी दुसरं राहतं.

पाणी साचलेलं असताना पेटीला हात न लावताही धोका असतो. अर्थिंगचा पाइप सोयीसाठी अर्ध्या मीटर त्रिज्येचा अर्धगोल धरला, तर त्याच्या कडेला २१० व्होल्ट, केंद्रापासून १ मीटरवर १०५ आणि २ मीटरवर साधारण ५२. एक पाय १ मीटरवर, दुसरा २ मीटरवर पडला की दोन पायांत ५० व्होल्टचा फरक. गाईगुरांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर जास्त, म्हणून अशा ठिकाणी आधी तीच दगावतात. पायाला झिणझिण्या आल्या तर लांब टांगा न टाकता, पाय जवळ ठेवून सरकत मागे फिरा. मग १९१२ या वीज तक्रार क्रमांकाला फोन लावा.

हे सगळं तपासायचं कुणी? विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६२ खाली राज्य सरकार विद्युत निरीक्षक नेमतं. हा अधिकारी महावितरणचा नव्हे, राज्य शासनाचा. सुरक्षेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे (आधीचे २०१० चे, आताचे २०२३ चे), पण तपासणी राज्याची. कलम १६१ प्रमाणे अपघात निरीक्षकाला कळवावाच लागतो आणि त्यात जनावराचा मृत्यूही धरलेला आहे.

अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजायचा, असं नियम सांगतो. जुलैत मोजाल तर येऊरच्या पायथ्याचा कातळही चांगला आकडा दाखवेल. मे महिन्यात त्याच पीटचा (अर्थिंगच्या खड्ड्याचा) रोध कैकपट वर जाईल. खाडीकडच्या वाशी-ऐरोलीत गंमत उलटी. खाऱ्या चिखलात रोध सहज कमी येतो, पण तेच मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं. चाचणी पास आणि पाइप अर्धा गायब, असं तिथे होऊ शकतं. त्यामुळे मीटरच्या आकड्यावर न थांबता पीटचं झाकण उघडून पट्टीचा सांधा बघावा. पावडर झालेला नट डोळ्यांना दिसतो, मीटरला नेहमीच दिसत नाही. पीटमध्ये दरवर्षी मीठ ओतण्याची जुनी सवय तर खाडीकाठी निव्वळ नुकसानीची.

घरापुरती गोष्ट आरसीसीबीची. त्याचं टी बटण महिन्यातून एकदा दाबावं, मात्र त्याने फक्त ते यंत्र तपासलं जातं, घराचं अर्थिंग नाही. पावसाळ्यात ते सारखं ट्रिप होतं म्हणून वायरमन बायपास करून देतो, हा सर्रास चालणारा आणि सगळ्यात घातक उपाय. दोष शोधायला सगळे एमसीबी (प्रत्येक सर्किटचे छोटे स्विच) पाडा, आरसीसीबी चढवा आणि मग एकेक एमसीबी लावत जा. जो लावताच आरसीसीबी पडेल त्या सर्किटवर गिझर किंवा बाहेरचा ओला पॉइंट असण्याची शक्यता मोठी. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल, तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र झालेत. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तोडत नाही, म्हणून तो दोष एमसीबी पाडून सापडत नाही. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात त्या पट्टीवरून) एकेक वायर सोडवायची आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) अर्थशी मोजायची. १ मेगाओहमच्या खाली आली ती वायर दोषी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि बायपासची तार त्याच भेटीत काढायला लावा.