समाधान आणि ‘चालायचंच’

दवाखान्यात किंवा मयताच्या घरी भेटायला गेलं की आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘प्रभूची इच्छा.’ खरोखर आतून शांत झालेला माणूस ते म्हणतो. लढून थकलेला, ‘आता काय करणार, चालायचंच’ म्हणून हात टेकलेला माणूसही तेच म्हणतो. कुरकुर दोघंही करत नाहीत. त्यामुळे नाइलाजालाच विश्वास समजून आपण शाबासकी देऊन मोकळे होतो.

समाधानाचा विषय निघाला की बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय वाचला जातो. ज्या स्थितीत आहे तीत संतुष्ट राहायला मी शिकलो, असं पौल तिथे लिहितो, तेही बेड्यांत असताना. ‘शिकलो’ म्हणतो, म्हणजे हा त्याचा उपजत स्वभाव नव्हता. ‘संतुष्ट’साठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘औतार्केस’ हा स्तोइक, म्हणजे सुखदुःखाने न डगमगण्याची शिकवण देणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञांच्या आवडीचा. कुणावाचून काही अडत नाही, असा माणूस म्हणजे औतार्केस. पौल शब्द त्यांचा घेतो, पण दोनच ओळींत सांगतो की बळ माझं नाही, ख्रिस्ताचं आहे. आणि लगेच पुढे, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. मदत पोचल्याची पावतीच आहे ती. ती मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला होता. तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, हेही पौल लपवत नाही. दगड झालेला माणूस असं लिहीत नाही.

याच फिलिप्पै शहरात तो आधी एकदा तुरुंगात पडला होता. छड्यांचा मार, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री सोबती सीलाबरोबर स्तुतिगीतं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला हा भाग आपण उपासनेत रंगवून सांगतो. सकाळचा भाग मात्र गाळतो. (मला तर तोच जास्त आवडतो.) सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, यांना सोडून द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता तुम्ही आम्हाला चारचौघांत मारलंत, आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि बाहेर न्या. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करू लागले. रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा, माणूस एकच.

म्हणून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सोसणं हीच तुझी साक्ष’ असं कुणी वचन दाखवून सांगितलं, की मला ही सकाळ आठवते.

पंडिता रमाबाईंचं तसंच. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. ख्रिस्ती विश्वासात स्थिरावल्यावर त्या गप्प बसल्या का? १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या रुग्णालयात बायकांची जी परवड होत होती तिच्यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. ते सरकारला झोंबलं, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. त्याच सुमारास केडगावला त्या दुष्काळातल्या मुलींना आणून सांभाळत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हातातून सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

समाधान आणि ‘चालायचंच’ या दोन्हींतला फरक सगळ्यात जास्त उघडा पडतो तो धीर देताना. ‘चालायचंच’वाल्याकडे द्यायला एकच गोष्ट असते : मी सोसलं, तूही सोस. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो त्याचा मथितार्थ असा, की देवाकडून जो दिलासा आपल्याला मिळाला, त्याच दिलाशाने इतरांना धीर द्यायचा. म्हणजे आधी स्वतःला मिळालेला असायला हवा.

आमच्या मंडळीतल्या एका मावशींचे यजमान डायलिसिसवर होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या भेटल्या. मला सुचेना, म्हणून ‘प्रभूची इच्छा, मावशी’ म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘असेल रे बाबा. पण आत जाऊन विचार बरं, दहाचा नंबर होता, दीड वाजला, अजून का घेतलं नाही?’ मी गेलो, थोडा वाद घातला, परत आलो. तोवर मावशी बाजूच्या बाकावर सरकल्या होत्या. तिथे पहिल्यांदाच आलेली एक तरुण बाई रडवेली बसली होती. पाणी दिवसाला किती, ते कशाने मोजायचं, पाय सुजले तर काय बघायचं, हे मावशी तिला सांगत होत्या. डब्यातली अर्धी भाकरी त्या बाईच्या हातात होती.