वाहनांतर : गणिती प्रतिमाने

रस्त्यावरील एका बिंदूवरून लागोपाठ दोन वाहने जाण्यामधील काळ म्हणजे वाहनांतर. ते सेकंदांत मोजतात. वाहने परस्परांवर अवलंबून न राहता येतात असे मानले, तर ठरावीक वेळेत येणाऱ्या वाहनांची संख्या प्वासाँ वितरणाने (यादृच्छिक घटना किती वेळा घडतील याची शक्यता सांगणारे सूत्र) आणि वाहनांतरे घातांकी वितरणाने (लहान अंतरे अधिक, मोठी झपाट्याने विरळ असे सूत्र) मिळतात. याचे श्रेय बहुधा ब्रिटिश अभियंते विल्यम अ‍ॅडम्स यांच्या १९३६ मधील निबंधाला दिले जाते. अमेरिकेत जॉन किन्झर यांनी १९३३ च्या सुमारास ही शक्यता मांडली होती. तथापि प्रत्यक्ष मोजणीची उदाहरणे अ‍ॅडम्स यांनी दिली. त्यामुळे कल्पनेचा पहिला मान किन्झर यांचा असला, तरी प्रतिमान अ‍ॅडम्स यांच्या नावे ठेवणेच युक्त वाटते.

घातांकी सूत्रानुसार तासाला ६०० वाहने, म्हणजे सरासरी ६ सेकंद अंतर असेल, तर सुमारे १५ टक्के अंतरे एका सेकंदाहून कमी येतात. एकाच रांगेत हे संभवत नाही. म्हणून संशोधक शूल (१९५५) यांनी मोकळी व पुढच्या वाहनामागे अडकलेली वाहने वेगळी धरली. कोवन (१९७५) यांनी अडकलेल्या वाहनांना एकच किमान अंतर दिले.

बेळगाव सीमाभागात हा भेद कळीचा आहे. गळीत हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर परिसरातील दुपदरी रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे जीप, टेम्पो, लाल बस यांची रांग लागते. समोरून तासाला ६०० वाहने येत असून ट्रॅक्टरला ओलांडून पुढे जायला १२ सेकंद लागतात असे धरू. घातांकी सूत्राने तेवढी मोठी अंतरे १३.५ टक्के निघतात. समोरची निम्मी वाहने एक सेकंदाच्या अंतराने अडकलेली मानली, तर कोवन यांच्या सूत्राने ती सुमारे १६.६ टक्के होतात. सरासरी तीच राहते, पण वाहने घोळक्याने आली की घोळक्यांमधली मोकळीक वाढते. केवळ सरासरीवरून रस्त्याचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वर्दळ विरळ असताना साधे घातांकी सूत्र चालते. तवंदी घाटाच्या चढावर भरलेले ट्रक मंदावले, की ते अपुरे पडते.

बेळगाव शहरात मोठी अडचण दुचाकींची. रेल्वे फाटक उघडताच तीन-चार दुचाकी शेजारी-शेजारी सुटतात आणि वाहनांतर शून्याजवळ येते. तेथे किमान अंतराचे गृहीतकच कोसळते. पुढच्या-मागच्या अंतरासोबत बाजूचे अंतरही मोजावे लागते.