रीशूट म्हणजे पिक्चर फसला?

“रीशूट सुरू झालं, म्हणजे पिक्चर बिघडलाय, स्टुडिओची पाचावर धारण बसलीय.” मोठा सुपरहिरोपट यायचा असला की हा फॉरवर्ड फिरतोच. आवडत्या पात्राची वाट लागू नये, ही चाहत्यांची काळजी रास्तच आहे.

पण हॉलिवूडच्या अशा चित्रपटांत रीशूटचे, म्हणजे जादा चित्रीकरणाचे, दिवस आणि पैसे बहुधा आधीच धरलेले असतात. पहिलं एडिटिंग झाल्यावरच कळतं, की अमुक दुवा निसटलाय, तमुक विनोद पोचत नाहीये. मग कलाकारांना परत बोलावतात.

2012 च्या ‘द अव्हेंजर्स’मधलं अगदी शेवटचं, सगळे सुपरहिरो शवरमा खात बसलेत ते दृश्य तर प्रीमियरनंतर चित्रित झालं! कॅप्टन अमेरिका तिथे हाताने जबडा झाकून बसलाय, कारण नटाने तोवर दुसऱ्या भूमिकेसाठी दाढी वाढवली होती. चित्रपट तुफान चालला.

उलट उदाहरणही आहे. 2017 च्या ‘जस्टिस लीग’मध्ये रीशूटच्या वेळी सुपरमॅनच्या नटाला मिशी होती, ती संगणकावर पुसली आणि वरचा ओठ भलताच दिसू लागला. तिथे मात्र दिग्दर्शक बदलला होता आणि बराच भाग नव्याने चित्रित झाला होता.

म्हणून बातमी आली की आधी हे पाहा: चित्रीकरण किती दिवसांचं? दिग्दर्शक तोच आहे का? प्रदर्शनाची तारीख हलली का? फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नसेल, तर त्यावरून चित्रपटाबद्दल काही कळत नाही.