रोगकारक जीवाणूंची प्रयोगशाळेतील ओळख

रुग्णाच्या रक्त, लघवी, थुंकी, पू, शौच किंवा मेरुद्रवाच्या नमुन्यातून आजार घडवणारा जीवाणू वेगळा काढून त्याची जाती ठरवण्याची ही प्रक्रिया आहे. दवाखान्याच्या भाषेत तिला ‘कल्चर लावणे’ म्हणतात. पुण्यात ससून रुग्णालयाशी संलग्न बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठ्या खाजगी रुग्णालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत हे काम रोज चालते. पुण्याचे नाव निघाले की लोकांना राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आठवते. तिचा मुख्य विषय मात्र नावाप्रमाणे विषाणू आहे.

नमुना व फॉर्म : ओळख पटवण्याची सुरुवात प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच होते. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, आणि उबेत ठेवलेल्या लघवीतही तो वाढत राहतो. मे महिन्यातल्या दुपारी स्कूटरच्या डिकीत दोन-तीन तास फिरून आलेली बाटली म्हणूनच दिशाभूल करते. लगेच पोचवणे जमत नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. थुंकीच्या नावाखाली निव्वळ लाळ आली, तर सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी कमी आणि तोंडातल्या सपाट पेशी भरपूर दिसतात. असा नमुना परत मागवणे हेच योग्य. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर ‘ताप’ एवढेच लिहिण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती महागात पडते, कारण कोणते माध्यम (जीवाणू वाढवण्याचे खाद्य), कोणते तापमान आणि किती दिवस, हे फॉर्मवरच्या माहितीवरून ठरते.

ग्रॅम रंजन : हान्स क्रिस्तिआन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही पहिली पायरी आहे. स्लाइडवर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, मग आयोडिन, मग रंग काढणारे अल्कोहोल किंवा ॲसिटोन आणि शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग. जाड पेशीभित्तीचे जीवाणू जांभळे राहतात (ग्रॅम पॉझिटिव्ह), पातळ भित्तीचे रंग सोडून गुलाबी होतात (ग्रॅम निगेटिव्ह). सगळी मेख रंग काढण्याच्या काही सेकंदांत असते. हात जरा रेंगाळला की जांभळा जीवाणूही गुलाबी दिसतो. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यात या रंजनात जोडीजोडीने जांभळे गोलाणू दिसले, तर कल्चरची वाट न पाहता डॉक्टरांना फोन जातो.

वाढ : नमुना ब्लड अगर (रक्त घातलेले घट्ट माध्यम) आणि मॅकॉन्की अगरच्या प्लेटवर लूपने, म्हणजे तारेच्या छोट्या कडीने, रेघा ओढून पसरवतात आणि ३५ ते ३७ अंश सेल्सियसला १८ ते २४ तास ठेवतात. मॅकॉन्कीवर लॅक्टोज ही साखर आंबवणारा ई. कोलाय गुलाबी कॉलनी (जीवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) देतो, तर विषमज्वराचा साल्मोनेला टायफी फिकट राहतो. प्रोटिअस ब्लड अगरवर लाटांनी पसरत जाऊन शेजारच्या कॉलन्या झाकून टाकतो. लघवीसाठी ०.००१ मिलीचा मोजका लूप वापरतात. १०० कॉलन्या उगवल्या की मिलीमागे एक लाख जीवाणू धरतात. हा एक लाखाचा आकडा रूढ उंबरठा असला तरी लक्षणे स्पष्ट असलेल्या रुग्णात त्याहून कमी वाढही अर्थपूर्ण ठरू शकते.

जैवरासायनिक चाचण्या : ग्रॅम पॉझिटिव्ह गोलाणू असतील तर कॉलनीचा कण ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात टाकताच बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस, न आल्यास स्ट्रेप्टोकॉकसकडे वळायचे. कण उचलताना खालचे ब्लड अगर खरवडले जाऊ नये. रक्तपेशींतही कॅटॅलेज (पेरॉक्साइड फोडून हे बुडबुडे काढणारे विकर) असते आणि खोटे बुडबुडे येतात. सशाच्या प्लाझ्मात गुठळी धरली तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ग्रॅम निगेटिव्ह दंडाणूंसाठी ऑक्सिडेज, इंडोल, सायट्रेट, युरिएज आणि ट्रिपल शुगर आयर्न या चाचण्यांची रांग लावतात. अभिकर्मकांची (चाचणीच्या रसायनांची) नवी बॅच आली की ज्ञात जीवाणूंवर ती आधी तपासून घेतात. त्यानंतर कोणते प्रतिजैविक लागू पडेल याची चाचणी होते. रुग्णाच्या दृष्टीने अहवालाचा तोच भाग मोलाचा.

यंत्रे : रक्ताच्या बाटल्या आता स्वयंचलित यंत्रात ठेवतात, जीवाणू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले की यंत्र इशारा देते. मॅल्डी-टॉफ यंत्र कॉलनीतील प्रथिनांच्या वस्तुमानाचा आलेख काढून संग्रहातल्या आलेखांशी जुळवते आणि काही मिनिटांत नाव सांगते. तरी ई. कोलाय आणि आमांश घडवणारा शिगेला एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की त्यांच्यात ते नेहमीच्या पद्धतीने गोंधळते, आणि संग्रहात नसलेले नाव ते सांगू शकत नाही.

नेहमीच्या प्लेटवर न सापडणारे : जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आढळला. या जीवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरही हल्ला करू शकतात, म्हणून दोन्हींचा संबंध. शौचाची नेहमीची तपासणी मात्र साल्मोनेला-शिगेलासाठी मांडलेली असते. कॅम्पिलोबॅक्टरला ऑक्सिजन साधारण ५ टक्केच लागतो, प्लेट ४२ अंशांना ४८ तास ठेवावी लागते आणि माध्यमात इतर जीवाणूंना दाबणारी प्रतिजैविके घालावी लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखा वाकडा व सॅफ्रानिनने फिकट दिसतो. शिवाय जीबीएसची लक्षणे जुलाबानंतर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी येतात. तोवर जिवंत जीवाणू हाती लागेलच असे नाही, म्हणून जीवाणूची जनुके शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा आधार घेतात. ‘वाढ नाही’ या शेऱ्याचा अर्थ म्हणूनच ‘लावलेल्या माध्यमांवर वाढ नाही’ एवढाच घ्यावा.

क्षयाचा जीवाणूही असाच. तो झील-नील्सन रंजनाने लाल दिसतो, पण लोवेनस्टाईन-जेन्सन माध्यमावर उगवायला साधारण ३ ते ८ आठवडे घेतो; सीबीनॅट चाचणी त्याची जनुके आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला होणारा प्रतिरोध दोन तासांच्या आसपास दाखवते.

एवढे करूनही नाव न ठरल्यास १६एस आरआरएनए या सर्व जीवाणूंत असणाऱ्या जनुकाचा सुमारे १५०० अक्षरांचा क्रम वाचतात. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राशी जोडलेल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात हा क्रम वाचण्याची आणि जीवाणूंचे वाण जतन करण्याची सोय आहे.